साखर कुणी चढवली

शनिवार, दि. ९

वन्सं,

ती बिस्किटं माझी होती. तीनदा तोंडाने सांगून झालं, आता कागदावर सांगते, म्हणजे मधेच तोडता येणार नाही. दोन दिवस त्या लोखंडी स्टुलावर बसून होते, चहाबरोबर पोटाला आधार म्हणून पुडा घेतला होता. त्यातली चार कमी होती ती माझ्या पोटात गेली. तुमच्या दादांच्या नाही. ते तर तेव्हा पाठीला पट्टी बांधून पडले होते आणि पाण्याचा घोट मागत होते.

आणि तुम्ही काय केलंत? सिस्टरबाईंनी विचारलं, "साखर तीनशे नव्वद? काय खायला दिलंत हो यांना?" माझं तोंड उघडायच्या आत तुम्ही माझी पिशवी पालथी केलीत. बारा खाटांचा वॉर्ड. बारा पेशंट आणि त्यांची माणसं. चोराकडचा माल सापडावा तसा पुडा वर धरलात आणि म्हणालात, "आमच्या वहिनींना पथ्य कळत नाही हो. शिक्षण नाही ना." समोरच्या खाटेवरच्या म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू नवऱ्याला विष घालत होते.

शिक्षण नाही, मान्य. चौथीत शाळा सुटली. तुम्ही डॉक्टरच्या दवाखान्यात काउंटरवर बसता, पेशंटला नंबर देता, म्हणून सगळं घर तुम्हाला अर्धी डॉक्टर समजतं. पण अकरा वर्षं ह्यांची साखर मी सांभाळली. गोळी चुकली नाही, जेवणाची वेळ चुकली नाही. इन्सुलिनची सुई कधी लागली नव्हती.

आपल्या शिवणाच्या दुकानातल्या मापाच्या वहीत ह्यांचं एक पान आहे. छातीच्या रकान्यात सकाळची साखर, कंबरेच्या रकान्यात दुपारची, बाहीच्या रकान्यात संध्याकाळची. वेगळी वही कोण घालतंय? हॉस्पिटलातही तीच नेली होती. सिस्टर आकडा बोलली की मी लिहायचे. सोमवारी पाठीच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी छाती एकशे अठ्ठावीस. त्याच दिवशी बाही तीनशे दहा. मंगळवारी कंबर तीनशे नव्वद. बुधवारी सकाळी छाती एकशे साठ, आणि कंबर पुन्हा तीनशे चाळीस. सकाळी उतरते, दुपारी चढते. रोज. बिस्किटाला घड्याळ कळतं का हो? मी तेव्हाच म्हटलं होतं, ह्यात काहीतरी आहे. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही वही मिटा."

गुरुवारी घरी सोडलं, तर जावईबापूंची गाडी तुम्ही आधीच दारात उभी केलेली. "दादाला आमच्याकडे नेते, तिथे पथ्य नीट होईल." माझ्यासाठी गाडीत जागा नव्हती. मागच्या सीटवर तुमची पर्स ठेवायला मात्र होती.

आता घरचं ऐका. तुमच्या आईंना तुम्ही जाता जाता कानात ओरडून सांगितलंत, त्यांना ऐकायला येत नाही म्हणून शेजारच्यांनाही ऐकू गेलं. तेव्हापासून त्या माझ्या हातचा चहा घेत नाहीत. स्वतः उठून, भिंत धरत धरत, स्टोव्हपाशी जातात. काल हात भाजला. मी मलम लावायला गेले तर म्हणाल्या, "माझ्या मुलाला मारायला निघालीस, आता मला?" तुमची आई, माझ्या घरात, माझ्या तोंडावर.

माझा माणूस घरी पाठवा. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, त्यांना फोन देत नाही. पार्सलच्या गाडीवाल्याकडे हे देतेय. उत्तर त्याच्याच हाती द्या.

— तुमची वहिनी


मंगळवार, दि. १२

ती. वहिनींना सा. न.

तुमचं पत्र मिळालं. रागाच्या भरात लिहिलंत, म्हणून मनावर घेत नाही. मी जे केलं ते दादाच्या भल्यासाठी केलं, हे तुम्हाला पुढेमागे पटेल.

दादा इथे अगदी मजेत आहे. पाठीचं दुखणं पुष्कळ कमी आहे, टाके कोरडे आहेत. आणि साखरेचं म्हणाल तर तुम्हाला आकडेच देते, कारण तुम्हाला आकडे आवडतात. शुक्रवारी दुपारी २६०. रविवारी १४०. काल सकाळी ९४. आज सकाळी ७८! हॉस्पिटलात तीनशे नव्वद आणि माझ्या घरी अठ्ठ्याहत्तर. आता तुम्हीच सांगा वहिनी, फरक कशाचा? माझ्या घरात गोडाचा डबा नाही, एवढाच.

इन्सुलिन मी स्वतः टोचते. सकाळी वीस, संध्याकाळी चौदा, कागदावर आहे तसं, एक ठिपका इकडे नाही की तिकडे. हॉस्पिटलचा कागद कुठे पडू-हरवू नये म्हणून मी तो दादाच्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर चांगल्या डिंकाने चिकटवून टाकला आहे. येता-जाता समोर दिसतो. आमच्या दवाखान्यातही मी सगळं असंच नीट ठेवते, डॉक्टर नेहमी कौतुक करतात.

दादाला थोडा अशक्तपणा आहे. पहाटे घाम येतो, हात थरथरतात, अंगरखा बदलावा लागतो. कधी उगाच चिडतो. काल मला म्हणाला, "ती कॉलर उलटी लागली आहे, उसव," आणि समोर कॉलर नव्हतीच. ऑपरेशननंतर असं होतंच. मी जास्त झोपू देते.

आणि एक सांगते. मागे हर्नियाच्या ऑपरेशननंतर दादाला किती उलट्या झाल्या होत्या आठवतं? या वेळी मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच भेटून सांगून ठेवलं होतं. त्यांनी त्याचं इंजेक्शन दिलं. एक उलटी झाली नाही. ही कामं कोण करतं ते कुणी लक्षात ठेवत नाही, असू दे.

आईची काळजी घ्या. तिच्याशी वाद घालू नका.

— तुमची वन्सं


बुधवार, दि. १३

वन्सं,

हे पत्र उभ्या उभ्या वाचा आणि वाचता वाचता हातातली सुई खाली ठेवा.

आज सकाळी दुकानात कोण आलं माहीत आहे? त्याच सिस्टरबाई. मंगळवारी "काय खायला दिलंत" विचारणाऱ्या. युनिफॉर्मची बाही काखेत काचते, ढिली करून हवी होती. मी माप लिहायला वही उघडली, तर त्यांची नजर शेजारच्या पानावर गेली.

"हे गिऱ्हाईक कोण? कंबर तीनशे नव्वद?"

"आहे एक."

"एवढं कापड कुठून आणता हो?" आणि हसल्या.

मी म्हटलं, "माझे मिस्टर आहेत. अकरा नंबरची खाट. ओळखलंत का मला? बिस्किटवाली."

बाईचं हसू गेलं. खुर्ची ओढून बसल्या आणि पान बोटाने वाचत गेल्या. छाती, कंबर, बाही. छाती, कंबर, बाही. मग विचारलं, "उलटी होऊ नये म्हणून ऑपरेशनच्या वेळी इंजेक्शन दिलं होतं का? आणि नंतर पाच दिवसांच्या सूज उतरायच्या गोळ्या?" मी तुमचंच पत्र त्यांच्या हातात दिलं. शेवटचा भाग वाचून त्यांनी कपाळाला हात लावला.

आता नीट ऐका, मला समजलं तसं सांगते. उलटीचं ते इंजेक्शन स्टिरॉइडचं असतं. नसेची सूज उतरायच्या गोळ्याही स्टिरॉइडच्याच. धडधाकट माणसाचीही साखर त्याने थोडी वर जाते, मग आधीच मधुमेह असलेल्याची किती जाईल? दीडपट, दुप्पट, तिप्पट. गोळी सकाळी घेतली की दुपारी-संध्याकाळी चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. माझ्या वहीत जसं आहे तसंच, डिट्टो. माणसाने उपास केला तरी चढते. त्याला ना बिस्किट लागतं, ना वहिनी लागते.

औषध वाईट नाही, असं त्या म्हणाल्या. उलट्यांच्या उबळींनी टाक्यांवर ताण आला असता, नसेची सूज राहिली असती तर पाय बधिर झाला असता. द्यायचंच असतं कधी कधी. फक्त घरच्यांना सांगायचं असतं आणि साखर पुन्हा पुन्हा बघायची असते. मी विचारलं, "मग तुम्ही मला का विचारलंत काय खायला दिलं म्हणून?" तर खाली बघून म्हणाल्या, "केसपेपर आधी बघायला हवा होता. चुकलंच." निदान चुकलं म्हणाल्या.

पण खरी गोष्ट पुढे आहे. गोळ्या शनिवारी संपल्या. औषधाचा जोर उतरला की साखर आपोआप खाली येते. म्हणून उतरली, तुमच्या घरात गोडाचा डबा नाही म्हणून नाही! आणि ज्या सुया तीनशे नव्वदसाठी लिहिल्या होत्या त्या तुम्ही अठ्ठ्याहत्तरला टोचताय. ढगळ माणसाच्या मापाचा सदरा बारक्याला चढवताय. पहाटेचा घाम, थरथर, नसलेली कॉलर दिसणं, हा अशक्तपणा नाही, बाई. ही साखर खाली चालली आहे. अशीच गेली तर माणूस झोपेतून उठत नाही. "जास्त झोपू देते" म्हणे!

सिस्टर म्हणाल्या, घरी सोडताना दिलेल्या कागदाच्या मागे लिहिलेलं असतं. पुढच्या बाजूला जागा पुरत नाही म्हणून पुढच्या सूचना मागे लिहितात. आणि तुम्ही तो कागद डिंकाने कपाटाला चिकटवलात. धन्य आहे. अहो, आम्ही अडाणी शिंपी, पण कापडाची उलटी बाजू बघितल्याशिवाय कात्री लावत नाही.

आधी साखर मोजा. सत्तरच्या खाली असेल आणि शुद्धीत असतील तर लगेच साखरेचं पाणी द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. डॉक्टरला विचारल्याशिवाय सुई टोचू नका. दुपारपासून तुम्हाला पाच वेळा फोन केला, तुम्ही कापला. शेजारच्या चष्मेवाल्याच्या फोनवरून केला, माझा आवाज ओळखून ठेवून दिलात. म्हणून जावईबापूंच्या कारखान्यात फोन लावला. त्यांना सगळं सांगितलंय. ते म्हणाले, "वहिनी, मी बघतो." माणूस कमी बोलतो, पण ऐकतो तरी.

मी स्वतःच निघाले असते, पण तुमच्या आईंना एकटं कुणावर टाकू? माझ्या हातचं त्या खात नाहीत, पण पडल्या तर उचलायला मीच लागते.

— वहिनी


शुक्रवार, दि. १५

ती. वहिनींना,

इथे सगळं ठीक आहे. काळजीचं कारण नाही.

दादाला काल सकाळी जरा चक्कर आली, पण लगेच बरं वाटलं. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी इन्सुलिन बंद केलं आहे, आता गरज नाही म्हणाले, पूर्वीचीच गोळी सुरू ठेवायची. तुमच्या पत्रामुळे नाही, तसंही दाखवायला जायचंच होतं.

तुम्ही यांना कारखान्यात फोन केलात, ते मला आवडलं नाही. घरातल्या गोष्टी घरात राहाव्यात.

झालं गेलं विसरून जावं असं मला वाटतं. आईला आता हे सगळं कशाला सांगायचं? तिचं वय झालं आहे. तिला उगाच ताप होईल.

दादाला अजून आठवडाभर ठेवून घेते.

— वन्सं


शनिवार, दि. १६

मास्तरीणबाईंना टेलरमास्तरांचा मुजरा.

मी अजून आहे. हे पहिलं सांगतो, कारण गुरुवारी सकाळी नक्की नव्हतं.

जावईबापूंनी बुधवारी संध्याकाळी तुझा निरोप सांगितला, तर हिने, तुझ्या वन्संने, ऐकलं नाही. "वहिनींना काय कळतं" म्हणून चौदा टोचलेच.  पण गुरुवारी पहाटेच जावईबापू उठून माझ्या खोलीत आले. मी म्हणे पलंगाची चादर मापत होतो, वीत लावून, आणि "कापड कमी पडतंय, कापड कमी पडतंय" म्हणत होतो. चादर घामाने पिळून निघेल अशी. त्यांनी बोटाला टोचलं. शेहेचाळीस. साखरेचं पाणी केलं, मान धरून पाजलं. अर्ध्या तासाने मी त्यांना ओळखलं आणि विचारलं, "जावईबापू, इतक्या सकाळी पँट शिवायला आलात?"

मग त्यांनी बादलीत फडकं बुडवलं आणि कपाटाचा कागद भिजवून सोलायला घेतला. ही ओरडत होती, "अहो, फाटेल!" फाटला थोडा. पण मागचं वाचता आलं. "पाच दिवसांनी सूज उतरायच्या गोळ्या बंद. त्यानंतर रोज साखर पाहून इन्सुलिन कमी करत जाणे. शंभरच्या खाली आल्यास त्वरित कळवणे." डॉक्टरने एवढं सुवाच्य अक्षर काढलं होतं, बिचाऱ्याने, डिंकासाठी.

ही रडली. दिवसभर रडली. मग मला एक गोष्ट सांगितली आणि वहिनीला सांगू नकोस म्हणाली, म्हणून सांगतो. भूलवाल्या डॉक्टरांनी तिला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं, "पेशंटला मधुमेह आहे, या इंजेक्शनने साखर दोन-तीन दिवस वाढेल, घरी सगळ्यांना कल्पना द्या." ही हो म्हणाली. मंगळवारी तिने तीनशे नव्वद ऐकलं. आपण सांगून घेतलेल्या इंजेक्शनने दादाचं काही झालं तर आई काय म्हणेल, या भीतीने समोर तुझी पिशवी दिसली ती पालथी केली.

मी तेव्हा जागा होतो. बिस्किटं तू खाल्लीस ते मी पाहिलं होतं. मी बोललो नाही. पाठ दुखत होती म्हणून, असं मी स्वतःला सांगतो.

तू जास्त ताणू नकोस. ती लहान आहे. शेवटी बहीण आहे माझी.

— मास्तर


सोमवार, दि. १८

वन्सं,

ह्यांनी मला सगळं लिहिलंय. त्यांच्यावर ओरडू नका, ते माझं काम आहे, आणि मी ते करणार आहे, समोर उभं करून. पाठ दुखत होती म्हणे. जीभ काय पाठीला शिवली होती?

तुम्हाला आजपर्यंत "तुम्ही" म्हणत आले. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही दोन वेण्या घालून शाळेत जायचात, तेव्हापासून. आता ते तोंडात जड होतंय, पण सोडत नाही. नाहीतर म्हणाल, वहिनींचं तोंडही सैल.

इंजेक्शनवर माझा राग नाही. तुम्ही चांगल्यासाठी सांगितलंत, उलटी झाली नाही, टाके राहिले, पाय चालतोय. तेवढं श्रेय तुमचं, घ्या, दोन्ही हातांनी घ्या. डॉक्टरवर राग नाही, त्याने पुढेही लिहिलं आणि मागेही लिहिलं. डिंकावरसुद्धा नाही. घाबरलात, त्यावरही नाही. शेहेचाळीस वाचून मी इथे कापायच्या टेबलाखाली बसून राहिले होते, मला कळतं घाबरणं काय असतं.

माझा राग याच्यावर आहे की तुम्हाला माहीत होतं. मंगळवारी माहीत होतं, गुरुवारी गाडीत बसताना माहीत होतं, आईंच्या कानात ओरडताना माहीत होतं, मंगळवारच्या पत्रात "फरक कशाचा" विचारताना माहीत होतं. मला गुन्हेगार ठरवायला तुम्ही माझा माणूस अकरा दिवस स्वतःच्या घरात ठेवलात, आणि माझं ऐकायचं नाही म्हणून सुई टोचत राहिलात. तुमचं खोटं खरं करण्यापायी तो गेला असता. शुक्रवारी लिहिता, "जरा चक्कर आली." शेहेचाळीसला जरा म्हणतात का तुमच्या दवाखान्यात? काउंटरवर असंच सांगता का पेशंटला?

आणि वर "आईला कशाला सांगायचं". मला अडाणी म्हणालात तेव्हा आईचं वय झालं नव्हतं का?

वॉर्डातल्या बारा खाटा मी सोडून देते. ती माणसं आपापल्या घरी गेली असतील, त्यांच्या लक्षात मी कशाला राहते. पण ही एक खाट माझ्या घरात आहे. काल तुमच्या आईंनी दिवसभर पाणीसुद्धा माझ्या हातून घेतलं नाही. मी सांगू गेले, "आई, ते औषधामुळे झालं," तर दोन्ही कानांवर हात ठेवले. मुळात ऐकू येत नाही, तरी ठेवले. फोनचा उपयोग नाही, माझ्या बोलण्याचा उपयोग नाही, ह्यांनी सांगितलं तर म्हणतील बायकोने पढवलं. त्या फक्त तुमचं अक्षर मानतात. मोठं काढलंत तर भिंग लावून वाचतात.

तेव्हा तुम्ही लिहायचं. तुमच्या हाताने, मोठ्या अक्षरात, आईंच्या नावाने. इंजेक्शन मी सांगून घेतलं. साखर त्याने चढली. मला आधी सांगितलं होतं, मी लपवलं. वहिनीने काही खायला दिलं नव्हतं. चार ओळी. "गैरसमज झाला" असं लिहाल तर फाडून परत पाठवीन. गैरसमज होत नसतो, कुणीतरी करून देत असतं.

मास्तरांना पाठवा, आणि तो सोललेला कागदही पाठवा, फाटका असला तरी. जावईबापू गाडी घेऊन येतील असं त्यांनी कालच मला सांगितलंय, म्हणजे गाडीचं निमित्त सांगू नका.

गुरुवारी, एकवीस तारखेला, दुपारी बारापर्यंत मास्तर आणि ती चिठ्ठी दोन्ही माझ्या दारात हवीत. एकटे मास्तर आले तर चालणार नाही. चिठ्ठी नसेल तर शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी तुमच्या आईंना घेऊन तुमच्या दवाखान्याच्या काउंटरवर येते, नंबर लावते, आणि तुम्हाला हाक मारून सगळ्यांसमोर विचारते.

लिहिणार की नाही, ते उद्याच्या पार्सलवाल्याकडे सांगा.

— वहिनी